म्हात्र्यांचं ‘पटलं’

आमच्या डोंबिवलीच्या विज्ञान मंडळाचे किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो, आणि प्रत्येकात म्हात्रे असतातच. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दर रविवारी शाळेच्या वर्गात एकाचं व्याख्यान आणि समोर एक शंकेखोर. तो ‘पटलं’ म्हणाला तरच व्याख्यान गणेशोत्सवात लोकांपुढे करायचं, असा नियम. म्हात्रे शेजारच्या कोपर गावचे, पिढीजात जमीनवाले. ते आपणहून शंकेखोर झालेले.

*

निवृत्त जोगळेकर सर फिजिक्सचे. आपलं व्याख्यान एकदा तरी गणपतीत व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. विषय: वातावरणाच्या अगदी वरच्या थरातले ऑक्सिजनचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, ध्रुवांजवळून निसटतात, पृथ्वीच्या लांबलचक चुंबकीय शेपटीत जातात आणि फिरून परत येतात.

म्हात्रे म्हणाले, “ऑक्सिजन जड ना सर? जड माणूस कारणाशिवाय गच्चीवर चढेल?”

“तिथे त्याला ऊर्जा मिळते, तो तापतो.”

“कोण देतं, ते नीट बघून या.”

व्याख्यान वर्षभर लांबलं.

*

पुढच्या वर्षी नवी शंका. “हा ऑक्सिजन सूर्याकडून आलेला नाही कशावरून? आमच्या कोपरला परवा आलेलाही सांगतो, मी इथलाच.”

सर खूश झाले. सूर्याकडच्या ऑक्सिजनचे बरेच इलेक्ट्रॉन गेलेले असतात, आपल्याचा बहुतेक एकच.

“म्हणजे पार लुटलेला तो बाहेरचा,” म्हात्रे म्हणाले. “बरं. पण जाताना हा मरगळलेला, येताना एवढा जोर कुठून?”

“शेपटीतलं चुंबकीय क्षेत्र ताणलं जातं आणि सुटलं की याला इकडे भिरकावतं.”

“स्वतःची कमाई नाही तर.”

पुन्हा नापास.

*

सरांनी ठाण्यात वर्तकनगरला मुलासाठी ब्लॉक घेऊन ठेवलेला. मुलगा अमेरिकेत. “शिक्षण झालं की येतोय,” सर दरवर्षी सांगायचे. तिथल्या शेजारणीने विचारलं, “ऑक्सिजन असा निसटला तर आमच्या पोरांना पुरेल ना?”

“अहो, भरपूर आहे.”

म्हात्रे सोबत होते. “नळाच्या पाण्याचंही असंच सांगितलेलं,” ते म्हणाले.

*

नव्वदच्या आसपास सर पुन्हा उभे राहिले. वर्तकनगरचा ब्लॉक तोवर रिकामाच. फळ्यावर पृथ्वी, शेपटी, बाण. सगळे बाण वळून पृथ्वीकडे आलेले.

म्हात्रे हळूच म्हणाले, “सर, सगळे परत येतात?”

सरांनी खडू उचलला आणि शेपटीतून एक बाण सरळ काढत फळ्याच्या लाकडी चौकटीपर्यंत नेला.

“नाही,” ते म्हणाले. “काही तसेच पुढे निघून जातात.”

“पटलं,” म्हात्रे म्हणाले.