मधल्या भिंतीचा गिलावा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि जिच्यासाठी केलं त्या बहिणीजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. पंचावन्न उलटली, आणि तुम्ही समोर बसला आहात, एवढंच. फक्त मध्येच थांबवू नका. एकदा गप्प बसलो की पुन्हा तोंड उघडेन, याचा माझाच मला भरवसा नाही.

आधी भिंतीचं सांगतो. ते सोपं आहे.

हुबळीला कमरीपेठेत आमचं घर. आई, मी आणि धाकटी बहीण अंबू. बायको तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली. पुढच्या सोप्याचा अर्धा भाग आम्ही बसप्पाला भाड्याने दिला होता. तो टोप्या शिवायचा. तो, त्याची बायको गंगव्वा, आणि त्यांच्या-आमच्या मध्ये आडोशाला आईचं एक जुनं लुगडं. त्यांचं ताट वाजलं की आम्हाला कळायचं, आमची भांडणं त्यांना कळायची. कुणाचं काही अडत नव्हतं.

पण अंबूला बघायला बेळगावची मंडळी यायची होती. दोन स्थळं आधीच मोडलेली. मुलगी थोराड झाली, असं बायका आता तोंडावर म्हणायला लागल्या होत्या. पाहुण्यांपुढे लुगड्याचा पडदा बरा दिसेल का? भिंत हवी. गवंडी मिळेना, तर मी म्हटलं, मीच घालतो, त्यात काय आहे! अहो, दिवसभर कापडाच्या दुकानात गजाने मापं घेणारा मी — पण हौस दांडगी.

बांबूची चौकट उभी केली, दोन्ही अंगांनी बुरडाकडचे विणलेले तट्टे ठोकले. मध्ये वीतभर पोकळी. वर मातीचा हात दिला, तर सकाळी प्रत्येक जोडावर ही लांब चीर! गल्लीतला एक म्हातारा गवंडी हसला. म्हणाला, जोडाला आधी पट्टी बांध, मग गिलावा कर. मग जुनं धोतर फाडून पट्ट्या केल्या. पिठाची खळ लावून एकेका जोडावर ताणून बसवल्या, वर कोंडा घातलेली माती, आणि शेवटी चुन्याचा बारीक हात. खळ गंगव्वा शिजवून द्यायची, तिच्याच चुलीवर. पलीकडून तट्टा धरून ठेवायची आणि मला चिडवायची — अण्णा, दुकान सोडा, हेच करा, पोटाला कमी पडणार नाही. माझ्याहून वयाने लहान. पण अशी बोलायची, जशी थोरली बहीणच.

छान झाली होती भिंत. आजही सांगतो, छान झाली होती.

आता — हं. सांगतो.

शेवटचा जोड राहिला होता. खाली, कोपऱ्यात. मंगळवार होता, पाहुणे गुरुवारी येणार होते. पट्टी लावायला तट्टा जरा ओढला, आणि आत उंदीर दिसला. मेलेला. तोंडाशी रक्त.

तुमच्या पिढीला यात काही वाटायचं नाही. पण ते प्लेगचे दिवस. घरात उंदीर पडला की शेंबडं पोरही ओळखायचं. त्याच दिवशी घर सोडायचं, गल्लीला सांगायचं, गावाबाहेर झोपडी घालायची. सरकारी माणसं येऊन कौलं उतरवायची. मग बेळगावची मंडळी कुणाच्या दारात येणार? आणि अंबूला पुन्हा कोण विचारणार?

चिमटा आणून तो बाहेर काढावा, रॉकेल ओतून जाळावा, एवढं तरी करायचं ना? तेही केलं नाही. हात लावायची भीती वाटली, कुणी बघेल याची भीती वाटली. मी तट्टा परत दाबला. पट्टी लावली. वर गिलावा केला. चुना घोटून घोटून इतका गुळगुळीत केला, की तिथे जोड होता हे मला स्वतःलाही दिसेना.

एवढंच असतं तर घाबरट म्हणून सोडून दिलं असतं मी स्वतःला. पण ऐका. त्याच संध्याकाळी मी आईला आणि अंबूला जुन्या हुबळीत मामाकडे झोपायला नेलं. गिलावा ओला आहे, गारठा बाधेल, असं म्हणालो. मीही तिकडेच. पाहुण्यांपुरतं तासभर घरी आलो. आणि पलीकडे? पलीकडे बसप्पा-गंगव्वाचं अंथरूण त्याच भिंतीला लागून. त्यांना गारठा बाधत नव्हता का हो?

मला कळत होतं. नकळत झालं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. माझी माणसं उचलून नेली आणि त्या दोघांना तिथेच ठेवलं — जाणूनबुजून.

गुरुवारी अंबू पसंत पडली. बेळगावच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि कारागीर कोण, असं विचारलं. मी फुशारलो! लाज वाटते सांगायला, पण फुशारलो.

मंडळी गेल्यावर गंगव्वा आली. “अण्णा, वासनी बरतैती नोड्री. भिंतीतून वास येतोय.” मी क्षणभरही अडखळलो नाही. म्हणालो, खळ आंबली असेल. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, माझीच पातळ झाली होती, मलाच मेलीला कळायला हवं होतं. आणि काय केलं माहीत आहे? शेण कालवून आणलं, आणि त्या कोपऱ्याशी बसून भिंतीचा पायथा सारवायला लागली. मी चप्पल घातली आणि मामाकडे गेलो.

रविवारी तिला ताप भरला. सोमवारी काखेत गाठ आली. बुधवारी ती गेली.

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. कौलं उतरली, गल्ली रिकामी झाली, झोपड्या पडल्या. भिंत त्या लोकांनीच पाडली. उंदराचं काही निघालं की नाही, मी बघायला गेलो नाही. घरात माणूसच गेल्यावर उंदराची चौकशी कोण करतो? सुपारी फुटलेली होतीच. फाल्गुनात अंबूचं लग्न झालं. तिची मुलं आज शिकतायत.

हे सांगून थांबलो असतो. पण खरं सांगायचं ते अजून पुढेच आहे.

झोपडीवर बसप्पा माझ्याशेजारी येऊन बसला. चार दिवस त्याने पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. मला म्हणाला, अण्णा, त्याच आठवड्यात मी बाजारातून अस्तराला कातरणांचं गाठोडं आणलं होतं. ते तिच्या उशाशीच होतं. पिसवा त्यातूनच आल्या असतील, होय ना? मीच आणलं ना हे घरात?

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. नाही म्हणायला किती वेळ लागतो? नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी म्हणालो, “असेल बाबा. कातरणांचा काय भरवसा.”

त्याने पुन्हा सुई हातात धरली नाही. अळणावरच्या बाजूला भावाच्या गावी गेला आणि दुसऱ्याच्या रानात राबला. दुसरं लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, बायकोवर फार जीव होता. जीव होता हो; पण तो शिक्षा भोगत होता, आणि शिक्षा माझी होती.

गेल्या पावसाळ्यात त्याचा निरोप आला. गेलो. वीस वर्षांनी बघत होतो — नुसती हाडं उरलेली. उशाशी बसलो तसा त्याने माझा हात धरला आणि त्याच शब्दांत पुन्हा विचारलं, कातरणांतूनच आलं ना, अण्णा?

वाटेत ठरवून गेलो होतो. अळणावरच्या गाडीत बसून वाक्यं जुळवली होती. पण त्याचा भाऊ दारात उभा होता, भावजय होती, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं.

मी हो म्हणालो.

त्याने मान हलवली, हात सोडला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.