कुकरमधली कवळी

माझ्या वडिलांचे दात मी कुकरला लावले, आणि तेही चांगल्या हेतूने.

माझ्या लेकीचं, पल्लवीचं लग्न दिंद्रुडला, आमच्याच दारात होतं. आणि आमच्याकडे लग्न म्हणजे अण्णांची मंगलाष्टकं! दोन्ही घरांची नावं गुंफून ते स्वतः रचतात आणि स्वतःच गातात. पण मागे दात गेले आणि ‘सावधान’चं ‘हावधान’ झालं. नातीच्या लग्नात तसं नको, म्हणून अण्णांनी हौसेनं बीडला जाऊन कवळी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, रोज मोठ्यानं वाचा, जीभ सरावेल. त्यामुळे कापसाचे भाव आणि निधनवार्ता आम्ही महिनाभर मंगलाष्टकाच्या चालीत ऐकल्या.

लग्नाच्या सकाळी अण्णांनी चूळ भरायला कवळी काढली आणि समोरच्या वाटीत टाकली. वाटीत पाणी नव्हतं, नवरीची उरलेली हळद होती! ते वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि कवळी निघाली ती मक्याच्या कणसासारखी पिवळीजर्द.

“आरं, धुऊन दे की लेका!” अण्णा कळवळले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. (आत्ताच हसू नका, बरंच बाकी आहे.) नुसतं धुणं मला कमीपणाचं वाटलं. मी कुकरात पाणी घेतलं, चमचाभर सोडा टाकला, कवळी ठेवली आणि एक शिट्टी होऊ दिली.

हळद गेली. कवळीचा आकारही गेला! वरची पन्हळीसारखी वाकली होती, खालची चिमटली होती. मी डॉक्टरांना फोन लावला.

“उकळली?” ते ओरडलेच. “अहो, अ‍ॅक्रिलिक आहे ते, शेंगा नव्हेत! कवळी हिरडीला अंगासरशी बसते म्हणून टिकते. जरा बाक आला की फट पडते आणि सुटते. गार पाण्यात धुवायची असते!”

“दुपारपर्यंत सरळ होईल का?”

“आता नवीन माप, नवीन कवळी!”

मुहूर्त तर तोंडावर आलेला. अण्णा तोंडावर टॉवेल धरून खाटेवर बसले. “येकच नात हाय रं मला,” एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला कल्पना सुचतात.

फट बुजवली की काम झालं! लाडवांसाठी आणलेला डिंक मी कुटला, पाण्यात घोटला आणि सढळ हातानं कवळीला फासला.

“अवो, लई झाला तो,” बायको म्हणाली.

“तुला यातलं काय कळतं?”

कवळी बसली. काय घट्ट बसली! अण्णांनी खूश होऊन दातांवर दात दाबले. ते पुन्हा उघडलेच नाहीत. जास्तीचा डिंक ओघळून वरचे दात खालच्यांना चिकटले होते.

“अण्णा, सावधान म्हणा बरं!”

“म्म्म! म्म्म्म!”

“काय म्हणतायत?”

“शिव्या द्यायलेत तुमाला,” बायको म्हणाली.

तेवढ्यात बोलावणं आलं. अंतरपाट धरला गेला, गुरुजींनी माइक अण्णांपुढे केला. अण्णांनी डोळे वटारून तो माझ्या हातात कोंबला. ऐकून ऐकून शब्द मला पाठ होते, म्हणून मी गायलो. पहिल्याच ओळीला आवाज जो वर चढला तो उतरेना, मधेच चिरकला, मग थरथरला. लोकांनी ओळ संपायच्या आत अक्षता टाकायला सुरुवात केली.

अण्णांना ते सोसेना. त्यांनी तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरल्या, अंगठा घालून दोन्ही कवळ्या खटकन उपसल्या आणि माझ्याकडून माइक हिसकावला. बोळक्या तोंडातून शब्द निसटत होते, सूर मात्र पक्का होता. “शुभमंगल हावधान!” अख्खा मांडव त्यांच्यामागून ओरडला. अंतरपाटाआड पल्लवी हसत होती आणि डोळे पुसत होती.

जेवणं झाल्यावर व्याही माझ्याजवळ येऊन बसले.

“तुमचे वडील लई गोड गातेत बरं का! दात न्हाईत, पन गळा हाय.” मग त्यांनी मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आन् त्यांच्या आधी तुमी मन मोकळं केलं, त्येबी बरं झालं. पोरीच्या बापाला रडू येनारच. फक्त पाव्हणं, माइक बाजूला ठिवून रडायचं व्हतं.”