मामींचं मशीन आणि करपलेला भात

मशीनवाल्या मामींच्या घरात घड्याळ नव्हतं. किन्हवलीत ज्या दोन-तीन घरांत होतं, त्यांची जेवणं मात्र मामींच्या नंतर होत. मामींचा सगळा दिवस कापडावर मोजलेला असे. एक परकर शिवून झाला म्हणजे डाळ शिजली. पोलक्याला दोन्ही बाह्या लागल्या की गोठ्यात जायचं. धाकटा किती वेळ झोपतो, असं कुणी विचारलं तर "एक लेंगा, नाड्यासकट" असं उत्तर मिळे.

नवरा कसाऱ्याला रेल्वेत, घरी येणार तो रविवारी. इकडे चार पोरं, दोन म्हशी आणि गावभरची कापडं. धाकट्याच्या पाळण्याची दोरी मामींनी मशीनच्या पायाखालच्या पायट्यालाच बांधली होती. मशीन चाललं की पाळणा चाले. लग्नसराईत तो असा काही धावे की पोर झोपलंय की घेरी येऊन पडलंय, ते आम्हाला कळत नसे. मामी म्हणत, "सवय हाय त्याला. हळू हलवला तर रडतो."

पण त्यांचा हुकमी एक्का वेगळाच होता. "झालं का?" असं विचारणाऱ्या बाईला त्या रिकामी उभी राहू देत नसत. विचारलंस ना, मग ये आत. कुणाच्या हातात सुई, कुणाच्या मांडीवर धाकटा, कुणापुढे निवडायचे तांदूळ. आपलं पोलकं न्यायला आलेली बाई दुसरीच्या पोलक्याची काजं करून घरी जाई, आणि वर खूशही असे. गावातल्या बायकांचा निम्मा फावला वेळ एकट्या मामींनी वापरला, असं मी आजही म्हणेन.

एवढी धावपळ कशाला, तर सासूच्या, म्हणजे आत्याबाईंच्या धाकाने. मशीन मामींच्या माहेरून आलेलं. ते घरात घेतानाच आत्याबाईंनी सुनेला बजावलं होतं, "ज्या दिवशी माझा भात करपंल, त्या दिवशी ह्ये मशीन बैलगाडीत घालून तुझ्या बापाकडं धाडीन." म्हातारी बोलली की करायची. मशीन गेलं असतं तर मामी खचल्याच असत्या. नवरा चांगला होता हो, पण मशीन त्यांचं स्वतःचं होतं.

माझ्या लग्नाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. लग्न मुरबाडला, आणि आम्हाला तीनच्या एस.टी.ने निघायचं होतं. सकाळी मी पोलकं आणायला गेले आणि सगळं ठाऊक असून विचारलं, "मामी, झालं का?"

"बाह्या राह्यल्यात. तू भाताकडं बघ."

मी चुलीसमोर बसले. बघत भाताकडेच होते, पण डोळ्यांपुढे नवरामुलगा. मला बघायला आला तेव्हा त्याने दोनदा पाणी मागितलं होतं. दुसऱ्यांदा त्याला तहान नव्हतीच, ते नक्की माझ्यासाठी मागितलं, असं मी स्वतःला पटवत होते. पटलं तोवर भात करपला होता.

नेमक्या तेव्हाच आत्याबाई शेतावरून आल्या. दारातच त्यांनी नाक वर केलं.

"कोनी करपवला?"

"मी," मामी म्हणाल्या. मशीन चालूच होतं. मी मान खाली घालून चुलीतली लाकडं मागे ओढत राहिले, त्याची लाज आजही वाटते.

"मंग उद्या गाडी जुंपाया सांगते."

"सांगा. पन पोरीचं पोलकं होऊ द्या, आत्याबाय. तीनची यष्टी हाय तिची."

म्हातारी मशीनपाशी येऊन उभी राहिली. तिने पोलक्याकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग म्हणाली, "किती राह्यलंय?"

झालं! मामींनी शेवटची टीप मारून पोलकं मशीनवरून काढलं, "पाच हुकं," म्हणाल्या आणि सवयीने सुईदोरा सासूच्या हातात ठेवला. आपण काय केलं हे कळल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. मशीन थांबलं तसा पाळणा थांबला आणि धाकट्याने भोकाड पसरलं. आत्याबाईंनी सुईकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं, त्याला मांडीवर घेतलं आणि फतकल मारून हुकं लावायला बसल्या.

पाचवं हूक लागल्यावर पोलकं माझ्याकडे देताना त्या हळूच म्हणाल्या, "सासरी भात करपवू नको गो. सगळ्याच सासवा माझ्यासारख्या नसतात." बैलगाडीचं नाव मग कुणी काढलं नाही.

मला एस.टी.ही मिळाली आणि नवराही. पुढे माहेरपणाला आले, तर दाराशी आत्याबाईच हुकांची डबी घेऊन बसलेल्या. कुणी "झालं का?" म्हटलं की मामींच्या आधी त्या म्हणत, "बस. पानी पी नि काजं कर." आत मामी हसत. दिवसभर दोघी एकमेकींना जे बोलत ते लिहिण्यासारखं नाही, पण भात वेळेवर होई आणि पोलकी वेळेच्या आधी.

चार वर्षांनी लेकीच्या फ्रॉकचं कापड घेऊन गेले, तेव्हा आत्याबाईंना जाऊन महिना झाला होता. पाळणा माळ्यावर गेला होता, पोरं शाळेत होती. घरात वेळच वेळ होता, आणि मशीनभोवती अर्धवट कापडांचा हा ढीग. फ्रॉक कधी मिळेल, असं मी विचारलं. मामींनी माझ्या हातात काहीच दिलं नाही.

"वेळच पुरत नाय गो आता," त्या म्हणाल्या, आणि मशीनच्या फळीवर डोकं ठेवून रडू लागल्या.