धोंडिराम वाव्हळ रिव्हॉल्व्हर घेतात

धोंडिराम वाव्हळांनी कुर्ल्याच्या नेहरूनगरातल्या घरासाठी पहिला छताचा पंखा घेतला, तेव्हा निवड करायला त्यांना चार महिने लागले होते. पंखा गरगरू लागला तोवर उन्हाळा संपला होता. तो पंखा अजून चालू आहे, असं ते सांगतात. त्यांच्या पत्नी मीराबाई सांगतात की त्या वर्षी तीन जणांना घामोळं झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

अशा माणसाला रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं, आणि त्यासाठी नऊ दिवस उरले होते.

म्हणजे मुळात भरपूर दिवस होते. शस्त्रपरवाना हातात पडतो तेव्हा शस्त्र कधीपर्यंत घ्यायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. मुदत टळली की परवाना गेला. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पोलीस चौकशी, पुन्हा शेजारच्या दोन घरांत हवालदार जाऊन ‘माणूस कसा आहे’ विचारणार आणि शेजारी पुन्हा ‘शांत आहे’ असं काळजीच्या सुरात सांगणार. या सगळ्याला पहिल्या खेपेला अडीच वर्षं लागली होती. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, ‘‘शस्त्र कशासाठी पाहिजे?’’ धोंडिराम म्हणाले, ‘‘कागदावर मारायला.’’ साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला, आणि बहुधा इतकं निरुपद्रवी उत्तर त्या खुर्चीत बसून प्रथमच ऐकल्यामुळे सही केली. आता वय चौसष्ट. आणखी अडीच वर्षांनी कोणत्या हाताने नेम धरायचा, हा प्रश्न होता.

नेमबाजीकडे ते वळले त्यात त्यांचा स्वतःचा काही दोष नाही. टपाल खात्यात छत्तीस वर्षं नोकरी झाली. त्यातली पहिली अकरा वर्षं शिक्के मारण्यात गेली. पाकीट ओढायचं, शिक्का मारायचा, पाकीट ढकलायचं. मिनिटाला साठ. मन लागलं तर सत्तर. पुढे बढती मिळाली, टेबल बदललं, पण ‘वाव्हळांसारखा हात नाही’ ही ख्याती निवृत्तीच्या समारंभापर्यंत टिकली. निवृत्तीनंतर तो हात घरात फिरू लागला. भाजी दोन मिनिटांत चिरून झाली, कपडे तीन मिनिटांत वाळत पडले, आणि पुढचा दिवस मोकळा. दीड महिना हे बघून मीराबाईंनी त्यांना मुलुंडच्या एका नेमबाजी क्लबात पाठवलं. ज्येष्ठ नागरिकांना पहिला महिना फुकट, असा कागद त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर वाचला होता. योगवर्गाचाही कागद शेजारीच होता, पण तो सकाळी होता आणि नेमबाजी दिवसभर.

तिथे ऋता नावाची सत्तावीस वर्षांची प्रशिक्षक होती. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘‘काका, हळू.’’

छत्तीस वर्षांत त्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं. धोंडिराम तिथेच रमले.

‘‘रोज सकाळी पंचशील म्हणता ना?’’ मीराबाईंनी परवान्याचा विषय निघाला तेव्हा विचारलं. ‘‘पहिलंच शील काय आहे?’’

‘‘प्राणिहत्या करायची नाही. कागदात प्राण नसतो गं.’’

‘‘कागदात नसेल. शेजाऱ्यांत आहे. त्यांना सांगा.’’

तर प्रश्न निवडीचा होता. क्लबच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत उतरायचं तर स्वतःचं बत्तीस बोअरचं हत्यार लागे. ती स्पर्धा महिन्यावर आली होती. सरावाला क्लबचं पाच गोळ्यांचं पिस्तूल होतं. एकदा भरलं की चाप दाबत राहायचा. त्याने खेळून धोंडिरामांचे नेम बरे लागत, पण बहुतेक काळ्या वर्तुळाच्या खाली, डावीकडे, एका मुठीत मावतील असे. ऋता म्हणे, ‘‘ग्रुपिंग झकास आहे काका. फक्त चुकीच्या जागी आहे.’’ मनगट सांभाळा, असं ती हजारदा सांगून दमली होती.

घाटकोपरला देवेशभाईंचं शस्त्रांचं दुकान होतं. एका बाजूला पडद्यांचं कापड, दुसऱ्या बाजूला फरसाण, मधे जाड जाळीच्या दारामागे देवेशभाई. मुदत संपायला नऊ दिवस असताना धोंडिराम तिथे अकराव्यांदा गेले.

‘‘या काका,’’ देवेशभाई म्हणाले. ‘‘माझ्या मुलीसाठी आम्ही पाच मुलगे बघितले. तुम्ही चौदा रिव्हॉल्व्हर बघितले.’’

‘‘मुलगी सुखात आहे ना?’’

‘‘एकदम.’’

‘‘मग घाई नको.’’

देवेशभाईंनी कपाळावर हात मारला आणि एक नवंकोरं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं. आधी उघडून रिकामं असल्याचं दाखवलं. ही त्यांची शिस्त होती. ‘‘हे घेऊन टाका. चाप दाबला की घोडा आपोआप मागे जाणार, आपोआप पडणार. नो टेन्शन. खिशात मावतो.’’

‘‘खिशात ठेवून काय करू?’’

‘‘सेफ्टी, काका!’’

‘‘कागदापासून?’’

धोंडिरामांनी चाप दाबून पाहिला. लांब आणि जड चाप, दाबताना पुढचं टोक इकडून तिकडे डुलत होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि पाचव्यांदा तोच प्रश्न विचारला. ‘‘मागच्या कपाटातलं ते लांब नळीचं?’’

ते एक जुनं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर होतं. त्यात प्रत्येक गोळीआधी घोडा स्वतःच्या अंगठ्याने मागे ओढायचा. नाही ओढला, तर चाप कितीही दाबा, ते ढिम्म हलत नाही. गोळ्याही एकेक भरायच्या, एकेक काढायच्या. देवेशभाईंच्या मते हे रिव्हॉल्व्हर नसून व्रत होतं. पण वजन चांगलं होतं, नेम धरायची मागची खूण स्क्रूने सरकत होती, आणि घोडा ओढल्यावर चाप काचेची काडी मोडावी तसा सुटत होता. ते का आवडतं, हे धोंडिरामांना सांगता येत नव्हतं.

‘‘ते शर्मिष्ठा मॅडमचं,’’ देवेशभाई म्हणाले. ‘‘त्यांचे मिस्टर प्रधानसाहेब गेले, तेव्हापासून माझ्याकडे ठेवलेलं. विकायचं आहे. पण त्या विकत नाहीत.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे गिऱ्हाईक आलं की येतात, बोलतात, आणि नाही म्हणून जातात. तीन झाले. एकाला कर्जतच्या फार्महाऊसवर भिंतीला लावायचं होतं. दुसऱ्याने हातात घेतल्या घेतल्या आरशात बघून नेम धरला. तिसरा माझ्यासारखा, सेफ्टी बोलला.’’

‘‘बोलवा त्यांना.’’

शर्मिष्ठाबाई प्रधान मुलुंड पूर्वेहून सहाव्या दिवशी आल्या, म्हणजे मुदत संपायला तीन दिवस असताना. आधीचे दिवस त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या पाच दिवसांत मीराबाईंना प्रथमच घरी धोंडिराम हळू भाजी चिरताना दिसले. शर्मिष्ठाबाईंचं वय चौऱ्याहत्तर, सुती साडी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्यांनी देवेशभाईंचा चहा नाकारला, स्टुलावर बसल्या आणि धोंडिरामांकडे असं पाहिलं की ते नकळत उभे राहिले.

‘‘बसा. काय मारता?’’

‘‘कागद.’’

‘‘आणलाय?’’

धोंडिरामांनी पिशवीतून आपलं सर्वोत्तम टार्गेट कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेलं. वर्तुळाच्या मधोमध दोन भोकं, बाकीची जवळच. शर्मिष्ठाबाईंनी एकदा पाहिलं आणि परत दिलं.

‘‘हे दाखवायचं कार्ड झालं. उरलेली कुठे आहेत?’’

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, घरी आहेत, किंवा फेकली. धोंडिरामांनी पिशवीतून फीत बांधलेला गठ्ठा काढला. दोनशे अकरा कार्डं. टपाल खात्याचा माणूस कागद फेकत नाही. प्रत्येक कार्डावर तारीख, वेळ, आणि प्रत्येक भोकाशेजारी बॉलपेनने बारीक आकडा: पहिली गोळी, दुसरी, तिसरी. हे करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीतून बघून ते वहीत खूण करत, मग कार्डावर उतरवत. क्लबातले लोक हसत. देवेशभाईही आता हसले.

शर्मिष्ठाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि फीत सोडली.

‘‘यांची कार्डं वीस वर्षं मी मोजली,’’ त्या म्हणाल्या, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. मग वीस मिनिटं एकच काम चाललं. कार्ड उचलायचं, बघायचं, उलटं ठेवायचं. एक गिऱ्हाईक काडतुसं घ्यायला येऊन, नवल वाटून, न घेताच गेलं. धोंडिरामांना आपली शाळेतली गणिताची वही आठवली. पण त्या वहीत इतक्या चुका नव्हत्या.

‘‘नोकरी कुठे होती?’’

‘‘टपाल खात्यात. सुरुवातीला शिक्के मारत होतो.’’

‘‘हं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला वाटलं छापखान्यात कंपॉझिटर. असो. हे बघा.’’ त्यांनी सात-आठ कार्डं काउंटरवर पसरली. ‘‘एक नंबरचं भोक बघा. फक्त एक नंबर.’’

धोंडिरामांनी पाहिलं. देवेशभाईही वाकले. पहिली गोळी मधे, किंवा मध्याच्या आसपास. या कार्डावर, त्या कार्डावर, सगळ्यांवर. दुसरी खाली. तिसरी, चौथी, पाचवी आणखी खाली, डावीकडे.

‘‘पहिली गोळी तुम्ही मारता,’’ शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. ‘‘बाकीच्या चार तुमचा हात मारतो. त्याला पाकिटांचा ढीग संपवायचा असतो.’’

धोंडिरामांनी गठ्ठ्यातून आणखी दोन कार्डं ओढून पाहिली. तिथेही तेच.

‘‘दोनशे अकरा कार्डं,’’ धोंडिराम शेवटी म्हणाले. ‘‘मीच लिहिलीत. मला दिसलं नाही.’’

‘‘लिहिणाऱ्याला दिसत नाही. यांनाही दिसायचं नाही. सांगितलं की चिडायचे. तुम्ही चिडलात?’’

धोंडिरामांनी प्रामाणिकपणे विचार केला. ‘‘थोडा.’’

‘‘चालेल. देवेश, काढ ते.’’

देवेशभाईंनी मागच्या कपाटातून ते आणलं, गोळ्यांच्या चक्राच्या बाजूचं छोटं दार उघडून एकेक कप्पा फिरवून रिकामा असल्याचं दाखवलं. शर्मिष्ठाबाईंनी हात लावला नाही. ‘‘त्यांनी बघितलं, आता तुम्ही स्वतः बघा,’’ त्या धोंडिरामांना म्हणाल्या. धोंडिरामांनी पुन्हा सहाही कप्पे पाहिले. मग देवेशभाईंनी सरावाची खोटी काडतुसं भरून दिली आणि समोरच्या भिंतीवर, जिथे मागे फक्त वीट होती, एक बिंदू दाखवला.

‘‘घोडा ओढा. थांबा. आता चाप.’’

टक.

‘‘दुसरी.’’

धोंडिरामांनी सवयीने चाप दाबला. काहीच झालं नाही. त्यांचं मनगट मात्र झटक्याने खाली गेलं, नळीचं टोक काउंटरकडे वाकलं, आणि गोळी नसलेल्या त्या झटक्यात सगळं काही तिघांनाही उघड दिसलं. आवाज नाही, धक्का नाही. नुसता शिक्का.

‘‘अरे देवा,’’ देवेशभाई म्हणाले.

‘‘आता अंगठा,’’ शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. ‘‘मागे ओढा. हात पुन्हा वर आणा. पहिल्यापासून. याच्यात दुसरी गोळी नसतेच. सगळ्या पहिल्याच असतात.’’

धोंडिरामांनी घोडा ओढला. श्वास सोडला. टक. टोक हललं नाही. पुन्हा ओढला. टक. त्यांनी असं किती वेळ केलं, कोणी मोजलं नाही. मधे फरसाणवाला दारात येऊन ‘‘सेठ, सुट्टे?’’ म्हणाला आणि देवेशभाईंनी त्याला हातानेच गप्प बसवलं.

‘‘घरात कोण असतं?’’ शर्मिष्ठाबाईंनी विचारलं.

‘‘मी आणि मिसेस.’’

‘‘त्यांना हे पसंत आहे?’’

‘‘नाही. पण कुलपाची पेटी त्यांनीच निवडली. आणि किल्ली त्यांच्याकडेच राहणार, असं म्हणत होत्या.’’

‘‘किल्ली कायद्याने तुमच्याकडेच राहायला पाहिजे.’’

‘‘ते मी सांगितलं. तेव्हापासून त्या बोलत नाहीयेत.’’

शर्मिष्ठाबाई पहिल्यांदा हसल्या. ‘‘कागद काढ रे देवेश,’’ त्या म्हणाल्या.

सह्या झाल्या. परवान्यावर नोंद झाली. मुदतीच्या दोन दिवस आधी धोंडिराम पोलीस ठाण्यात जाऊन कळवून आले. तिथल्या हवालदाराने शेरा मारला, ‘‘काका, एवढ्या उशिरा? मला वाटलं तुमचा विचार बदलला.’’ धोंडिराम म्हणाले, ‘‘नाही, विचार चालू होता.’’ मीराबाई त्या दिवशी बोलू लागल्या. पहिलं वाक्य होतं, ‘‘एवढं मोठं? निदान छोटं तरी घ्यायचं.’’

पहिल्या रविवारी रेंजवर ऋता होती आणि, कोणीही बोलावलेलं नसताना, रिक्षाने आलेल्या शर्मिष्ठाबाई होत्या. धोंडिरामांनी पाच गोळ्या मारल्या. प्रत्येक गोळीआधी अंगठा, श्वास, हात वर. शेजारच्या लेनमधला बोरीवलीचा एक गृहस्थ तेवढ्यात दोन कार्डं संपवून पाणी पिऊन आला.

कार्ड आलं. एक भोक वर, एक उजवीकडे, एक बरोब्बर काळ्यात, एक खाली, एक जवळजवळ कार्डाबाहेर.

ऋताचा चेहरा पडला. ‘‘वाट लागली ना काका. आधीचं ग्रुपिंग तरी छान होतं.’’

शर्मिष्ठाबाईंनी कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

‘‘पाच वेगवेगळ्या चुका,’’ त्या समाधानाने म्हणाल्या. ‘‘एकच चूक करणाऱ्या माणसाचं काही करता येत नाही. याचं करता येईल. वरचं भोक कितवं?’’

‘‘दुसरं,’’ धोंडिराम म्हणाले. ‘‘पहिली चांगली गेली असं वाटलं, म्हणून खूश झालो होतो.’’

‘‘खूश मग व्हा. नवीन कार्ड लाव गं पोरी.’’

धोंडिरामांनी बाजूचं दार उघडून रिकामी पुंगळी काढली, मग दुसरी, मग तिसरी. स्पर्धेला एकवीस दिवस होते. त्यांना ते पुष्कळ वाटले.