डिम्पना पुढे बसली

डिम्पना गिल्मार्टिन माझी शेजारीण. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किलाला गावाबाहेर, समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं घर आणि माझं घर यांच्यात एक दगडी गडगा आणि माझं एक कुरण, एवढंच अंतर. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिनं सव्वीस वर्षं काढली. चाळीस माणसांचं जेवण, त्यात कुणाला मीठ चालत नाही, कुणाला चावता येत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. उंचीनं बेताची, बोलणं मोजकं. रागावली तर आवाज आणखी खाली जातो, आणि समोरच्यानं तेव्हा सावध व्हायचं असतं.

तिचा नवरा जार्लथ वीज कंपनीत तारांच्या कामावर होता. उंच, बोलघेवडा, आणि मोटरसायकलचं वेड. दर जूनमध्ये दहा दिवस दोघं त्याच्या जड निळ्या गाडीवर किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरून यायचे, कधी वर डोनेगॉलकडे, कधी खाली क्लेअरकडे. तो पुढे, ती मागे. अशी तीस वर्षं. मी त्यांच्या कोंबड्या सांभाळायची.

मग जार्लथच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कळायला उशीर झाला होता. समोरचं नीट दिसायचं, पण बाजूचं सगळं गेलं. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं, आणि त्यानं परवाना स्वतःच परत पाठवला. वर्षभर गाडी शेडमध्ये चादरीखाली उभी. शेवटी त्यानं विकायची जाहिरात दिली. स्लायगोहून एक गृहस्थ बघायला आला, चाकं दाबून पाहिली, इंजिन ऐकलं. जार्लथ किंमत सांगणार तेवढ्यात डिम्पना मागच्या दारातून हात पुसत आली.

"गाडी विकायची नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. चहा घेऊन जा."

तो गृहस्थ चहा पिऊन गेला. जार्लथनं विचारलं, "चालवणार कोण?"

"मी."

"तू? अगं, तुझे पाय तरी टेकतात का खाली?"

"सीट खाली घेता येते. नाही घेतली, तर बूट उंच घेता येतात."

तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती.

बालिना गावातल्या शिक्षकाकडे तिनं लहान गाडीवर धडे घेतले, आणि निळ्या गाडीचा सराव माझ्या कुरणात केला. मी गाई पलीकडे बांधल्या. पहिल्या आठवड्यात तिनं गाडी अकरा वेळा पाडली. मीच मोजलं. पडलेली गाडी हातांनी ओढून उचलायची नसते, हे मला तेव्हा कळलं. गाडीकडे पाठ करायची, उकिडवं बसायचं, सीटला पाठ टेकून एक हात हँडलवर आणि एक मागच्या दांडीवर, आणि पायांच्या जोरावर एकेक पाऊल मागे सरकायचं. ती उचलायची, चिखल पुसायची, पुन्हा बसायची. जार्लथ गडग्यावर कोपरं टेकून ओरडायचा, "क्लच! क्लच सोड! हळू!"

एकदा ती थांबली, हेल्मेटची काच वर केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "जार्लथ, घरात जा आणि बटाटे सोल."

तो गेला.

परीक्षेत पहिल्यांदा ती नापास झाली. फार सावकाश चालवते, म्हणून. दुसऱ्यांदा पास झाली. शिकाऊ परवान्यावर मागे कुणाला बसवता येत नाही, त्यामुळे खरा परवाना हातात येईपर्यंत त्या दोघांना थांबावं लागलं होतं. त्या जूनमध्ये ते निघाले. जार्लथला मागच्या सीटवर बसताना मी पाहिलं. लग्नात चुकीच्या बाकावर बसवलेल्या पाहुण्यासारखा चेहरा केला होता त्यानं.

पुढचं मला दोघांनी माझ्या स्वयंपाकघरात, एकमेकांचं बोलणं तोडत सांगितलं.

मागे बसणं जार्लथला जमेना. वळण आलं की तो उलट्या बाजूला कलायचा. ब्रेक नसताना पाय दाबायचा. तिच्या खांद्यावर बोटानं टकटक करायचा. एक टक म्हणजे हळू, दोन टक म्हणजे गिअर बदल. ही भाषा त्यानं स्वतःच ठरवलेली. अर्डाराच्या चढावर टकटक इतकी वाढली की डिम्पनानं गावात शिरल्याबरोबर लोकरीच्या दुकानासमोर गाडी थांबवली.

"उतर."

"का? काय झालं?"

"समोर बसथांबा आहे. पुढच्या गावात, डंग्लोला भेटू."

त्याला थट्टा वाटली. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तेव्हा पटलं.

"मांडीवर हेल्मेट घेऊन बसमध्ये बसलो, नोरीन," जार्लथ मला सांगत होता. "शेजारी एक म्हातारी. विचारते, गाडी बिघडली का रे? म्हटलं, नाही हो, बायकोनं खाली उतरवलं. तर म्हणते, काही कारण असेलच."

"शहाणी बाई," डिम्पना म्हणाली.

डंग्लोला ती बसथांब्यावर उभीच होती. तो मागे बसला, दोन्ही हात तिच्या कमरेला, पिठाच्या पोत्यासारखा. त्यानंतर टकटक नाही.

सहाव्या दिवशी वारा सुटला. सकाळी उत्तर-पश्चिमेकडून, दुपारी नुसता पश्चिमेचा, आणि मलरॉय खाडीच्या पुलापाशी येईपर्यंत गवत जमिनीवर आडवं पडलेलं. तो पूल उंच, मध्ये आडोसा काही नाही. पलीकडे फॅनाड, तिथल्या दीपगृहाजवळ रात्रीची खोली ठरलेली. डिम्पनानं पुलाच्या अलीकडे एका भिंतीच्या आडोशाला गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि डब्यातले हॅमचे सँडविच काढले.

तेवढ्यात तीन डच पोरं मोठमोठ्या गाड्यांवर आली. थांबली, पुलाकडे पाहिलं, आपसात काहीतरी बोलली, आणि निघाली. मधोमध तिघांच्याही गाड्या एकदम हातभर सरकल्या. पण गेली. पलीकडून त्यांनी हातसुद्धा हलवला.

जार्लथ म्हणाला, "गेली की ती."

"गेली. त्यांच्या मागे तू बसला नव्हतास."

एकदा अशाच वाऱ्यात, कितीतरी वर्षांपूर्वी, जार्लथ थांबला नव्हता. दोघं चरात गेली होती आणि डिम्पनाचं मनगट मोडलं होतं. त्यावरून तिनं त्याला कधी बोल लावल्याचं मी ऐकलं नाही. त्या दिवशीही तिनं तो विषय काढला नाही. त्यानंच मला सांगितलं. "माझ्या हातात हँडल असतं, तर मी त्या पोरांच्या मागोमाग गेलो असतो," तो म्हणाला. "लाजेनं गेलो असतो."

तीन तास ते भिंतीला टेकून बसले. वारा पडेना. मग डिम्पनानं गाडी वळवली आणि मिलफर्डवरून, खाडीला पूर्ण वळसा घालून, झाडांच्या आडोशानं लांबच्या रस्त्यानं गेली. उघड्यावर झोत यायचे तेव्हा ती कोपरं सैल सोडायची, गाडीला थोडं हलू द्यायची, पुन्हा धरायची. मागून जार्लथला ते तिच्या पाठीत कळत होतं. "मी वाऱ्याशी भांडायचो," तो म्हणाला. "ही नाही भांडत. आणि मला हे कुणी शिकवलं नव्हतं."

"तू शिकायला गेला होतास कुठे?" डिम्पनानं विचारलं.

दीपगृहापाशी पोचले तेव्हा उजेड भरपूर होता. जूनमध्ये तिकडे दहापर्यंत दिसतं. भिंतीमागे उभं राहून डिम्पना म्हणाली, "आज दिवसभर मी डांबराशिवाय काही पाहिलं नाही."

"मी तीस वर्षं पाहिलं नाही," जार्लथ म्हणाला. "तू मागून ओरडायचीस, पाण्यात सील बघ, बेट बघ. मी हो हो म्हणायचो. काही बघत नव्हतो."

"माहीत होतं मला."

मग त्यानं समुद्र पाहिला. त्याला एका वेळी ताटाएवढंच दिसतं, म्हणून तो मान सावकाश फिरवत, तुकड्यातुकड्यानं बघत गेला. डावीकडचा खडक, मग फेस, मग त्यामागची काळी रेघ, मग दुसरा खडक. डिम्पना घाई न करता शेजारी उभी राहिली. "पाऊण तास," ती मला म्हणाली. "माझे कान गार पडले. पण म्हटलं, बघू दे."

याला आता पाच वर्षं होत आली. दर जूनला ते जातात. तिच्याकडे पाहून वृद्धाश्रमातल्या एका परिचारिकेनंही परवाना काढला. मी काढला नाही. मला गाईच पुरतात. जार्लथची नजर आणखी थोडी आक्रसलीये, पण तो त्याचं रडगाणं गात नाही, आणि तीही त्याची कीव करत नाही. सकाळी त्याच्या डोळ्यांत थेंब घालताना "हलू नकोस" एवढंच म्हणते.

यंदा दक्षिणेला केरीपर्यंत जायचं चाललंय. परवा त्यांच्याकडे गेले, तर टेबलावर नकाशा पसरलेला. जार्लथ हातात भिंग घेऊन रस्ता शोधत होता, आणि डिम्पना तव्यावर बटाट्याच्या पोळ्या उलटत होती.

"हा किनाऱ्याचा घेऊ," तो म्हणाला.

"तो नको. खिंडीनंतर खडी आहे, आणि वारा डावीकडून येतो."

"तुला काय माहीत? तिथे आपण गेलो त्याला वीस वर्षं झाली. आणि तू मागे होतीस."

"मागे होते म्हणूनच," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे बशी सरकवली. "नोरीन, लोणी घे. तो अजून तासभर बोलेल."