मामीच्या गिरणीचा आवाज

लोणावळ्यात मी बंगल्यांची बोधचिन्हं बनवते. शनिवार-रविवारी भाड्यानं जाणारे बंगले, चिक्कीची दुकानं, कॅफे, जे येईल ते. प्रत्येक गिऱ्हाइकाला जुनं वाटणारं पण कोरं करकरीत काहीतरी हवं असतं आणि तेही कालच. त्यासाठी मी जुन्या वस्तू जमवते: पत्र्याचे डबे, कंदील, मुके झालेले रेडिओ, जत्रेतल्या लाउडस्पीकरचा एक भलामोठा कर्णा. संध्याकाळी लॅपटॉप आणि छोटं ड्रम मशीन घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीत करत बसते. नवऱ्याच्या मते आमच्या घरात भंगारवाला राहतो आणि त्याचा पाण्याचा पंप बिघडलेला आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझं डोकं चालेनासं झालं. काढलेलं प्रत्येक चिन्ह आधीच्यासारखं दिसायचं, बसवलेला प्रत्येक ठेका आधीच्यासारखा वाजायचा. चिडचिड करून घरच्यांना पिडण्यापेक्षा मी मामाकडे निघून गेले. मामाचं गाव नवलाख उंबऱ्याजवळ. मामा तिथल्या एका कंपनीत कामाला आहे आणि मामी घराला लागून असलेली पिठाची गिरणी चालवते.

लहानपणापासून मी त्या गिरणीत बागडले होते, पण तिथले डबे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. अर्ध्या गावाचं आडनाव एक, त्यामुळे दळणाच्या डब्यांवर नाव लिहून उपयोग नाही. प्रत्येक घराची आपली खूण. कुणाचा पोपट, कुणाचे तीन ठिपके, कुणाचा भेंडीसारखा हिरवा पट्टा, एका घराचं तर नुसतं निळं कुलूप. घरी उरलेला ऑइलपेंट आणि काडीला गुंडाळलेली चिंधी एवढ्यावर काढलेल्या त्या खुणा इतक्या ठसठशीत होत्या की मला स्वतःचा राग आला. आम्ही महिनाभर बैठका घेऊन जे करतो ते या बायकांनी चूल पेटता पेटता केलं होतं. मी वेड्यासारखे फोटो काढत सुटले.

मामीला मात्र डब्यांचं कौतुक नव्हतं, कारण मुळात डबेच कमी यायला लागले होते. कुणी पुडीतलं पीठ आणायचं, कुणी घरात छोटी चक्की घेतली होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "तुझा मामा म्हणतोय, गिरणी मोडायची आन् हितं कंपनीतल्या पोरांसाठी खोल्या काढायच्या. दिवाळी झाली का गवंडी येणार. मला न्हाई मोडायची." एवढंच बोलली आणि पुढचं दळण ओतलं. मामीला मी कधी काही मागताना पाहिलेलं नाही. हेही मागणं नव्हतं, पण मला ते मागण्यासारखंच ऐकू आलं.

मग माझ्यातली डिझायनर जागी झाली. गिरणीला रूप द्यायचं, मी जाहीर केलं. ज्याला हवा त्याचा डबा फुकट रंगवून मिळेल. फुकट म्हटल्यावर वर्ष वर्ष न फिरकलेल्या बायकासुद्धा डबे घेऊन आल्या, सोबत दिवाळीचं दळणही घेऊन आल्या. मी सगळे डबे एकाच सुंदर हळदी रंगात रंगवले, म्हणजे ते एका कुटुंबातले दिसावेत. खुणा लहान आणि नाजूक करून झाकणावर काढल्या, कारण वरून फोटो छान येतो. ओळीनं मांडलेले ते डबे पाहून मला वाटलं, डिझाइनचं एखादं बक्षीस आता कुठे जातंय.

दळताना झाकणं काढून बाजूला ठेवतात हे मला सुचलंच नाही. मामीनं झाकणं एकावर एक रचली, हळदी डबे एकामागून एक भरले, आणि कुठलं झाकण कुठल्या डब्याचं हे देवालाही सांगता आलं नसतं. गव्हाच्या घरी बाजरी गेली, बाजरीच्या घरी तांदूळ. एका घरी तर भाजणी समजून जनावरांचा भरडा मळला गेला आणि चकल्या तेलात पडताच विरघळल्या.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव गिरणीच्या ओट्यावर. बायका पीठ चिमटीत घेऊन वास घेत होत्या, चव बघत होत्या, आपापलं ओळखून नेत होत्या आणि जाता जाता माझा उद्धार करत होत्या. चकल्यांवरून हसण्याचा असा गोंधळ चालला होता की मला लाजायलाही सवड मिळेना. मी मुकाट्यानं ब्रश घेतला आणि प्रत्येक घराची खूण डब्याच्या पोटावर, पहिल्यासारखी मोठी आणि ज्याच्या त्याच्या रंगात काढून द्यायला बसले.

निळ्या कुलुपाच्या घरची एक म्हातारी मावशी माझ्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "पोरी, डब्यापायी आमी यायचं सोडलं न्हाई. डोक्यावर डबा घेऊन हितवर यावं तर लाईट गेलेली. तसंच माघारी. इंजन होतं तवा आवाज आला का निघायचं. आता गिरणी चालू हाय का बंद, कळायचं कसं?"

इंजिन म्हणजे माझ्या आजोबांचं, मामाच्या वडलांचं. विजेची मोटार येण्याआधी गिरणी डिझेलवर चालायची. आजोबांनी धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडावर एक पत्र्याचा डबा बसवला होता. त्यामुळे टुक टुक असा आवाज शिवाराच्या टोकापर्यंत जायचा आणि गिरणी चालू असल्याचं गावाला कळायचं. मोटार आली, आवाज गेला.

आवाज करणं हे तर माझंच काम. लॅपटॉपवर मी झकास टुकटुक तयार केली, खाली घुमणारा बास, वर थोडा प्रतिध्वनी. मामीनं कानाला हेडफोन लावून शांतपणे ऐकलं. "हे लोणावळ्याच्या हाटेलातलं वाटतंय," ती म्हणाली. "लोकं दळण घेऊन न्हाई यायची, नाचाया येतील."

मी सगळं पुसून टाकलं. गोठ्यामागे इंजिनाची जुनी नळी गंजत पडली होती. तिच्यावर डबा उपडा ठेवला. मामी लाटण्यानं ठोकत राहिली, मावशी लय सांगत राहिली, मी रेकॉर्ड करत राहिले. काही सजवलं नाही. लोणावळ्याहून कर्णा आणून छपरावर चढवला आणि गावातल्या वायरमनकडून तो रेकॉर्डिंगसकट मोटारीच्या बटणाला जोडून घेतला. मोटार चालू असेपर्यंत टुकटुक, लाईट गेली की गप्प. त्या लाटण्याच्या ठोक्यांत मला इतकी मजा आली की कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नवं काहीतरी करावंसं वाटलं.

मामाला आम्ही काही सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी, तो घरात दाढी करत असताना, मामीनं बटण दाबलं.

टुकटुक शेतांवरून पार ओढ्यापलीकडे गेली. थोड्या वेळानं वाटेवर पहिला डबा दिसला, मग पोपट, मग भेंडीचा पट्टा. ओट्यावर रांग लागली. मामीचे हात भरभर चालत होते आणि ती माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हती.

मामा अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून अंगणात आला. छपराकडे बघत उभा राहिला. आता ओरडणार, असं मला वाटलं. तो आत गेला, तोंड पुसून घरातला डबा गव्हानं भरून खांद्यावर घेऊन आला आणि सरळ जात्यापाशी गेला, घरच्या माणसाला रांग कसली असं म्हणून.

"अवो, नंबर हाय," मामी वर न बघता म्हणाली. "मागं थांबा."

सगळ्या बायका मामाकडे बघायला लागल्या. माझा हसू दाबून दाबून जीव चालला होता. मामानं डबा उचलला आणि रांगेच्या शेवटाला, मावशीच्या मागे जाऊन उभा राहिला. तिथूनच त्यानं गवंड्याला फोन लावला. गिरणीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू आलं. खोल्या गोठ्याच्या अंगाला काढायच्या, असं तो सांगत होता.