सावे सरांच्या पाच खोल्या

स्टाफरूममधले खडू संपतात, किस्से संपत नाहीत. आमच्या तलासरीच्या शाळेत तर इतके साठले की ठेवायला खोली भाड्याने घ्यावी लागली असती. त्यातले निम्मे एकट्या सावे सरांचे.

सर गणिताचे. रिटायरमेंट दोन वर्षांवर आली आणि त्यांच्या डोक्यात भाड्याच्या खोल्या शिरल्या. सूत्र सोपं होतं. घराला लागेल तेवढा पैसा शंभर महिन्यांच्या भाड्यात सुटला पाहिजे. सुटला तर घ्या, नाहीतर नमस्कार करून निघा.

*

हे सूत्र कुठे लावू नये, ते मात्र त्यांना कळायचं नाही. हेडसरांनी डहाणूला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. पूजा चालू असतानाच सर बाल्कनीपासून बाथरूमपर्यंत फिरून आले आणि प्रसाद हातावर घेत म्हणाले, "शंभरात बसत नाही."

हेडसरांच्या मिसेस जरा थबकल्या. म्हणाल्या, "सर, आम्ही राहायला घेतलंय."

"तरी पण," सर म्हणाले.

*

शेवटी सरांनी सगळा पीएफ ओतून घरामागे पाच खोल्यांची चाळ बांधली. वहिनींचा जीव तेव्हापासूनच टांगणीला. उद्या आजारपण आलं तर काय विटा विकायच्या, असं त्या आम्हाला विचारायच्या. सर जवळ आले की चहाचं विचारायच्या.

भाडेकरू पारखायला सर दोनच प्रश्न विचारायचे, किती माणसं आणि पाहुणे येणार काय; आमच्या तांडेलबाईंचं सूत्र वेगळं. बाई डहाणूच्या किनाऱ्यावरच्या, माहेरी सुक्या मासळीचा धंदा. त्यांचं म्हणणं, दारात बोंबील भाजा. जो नाक धरेल तो टिकणार नाही. एका रविवारी खोली बघायला माणूस यायचा होता, तर बाईंनी खरंच अंगणात शेगडी पेटवली. तो गल्लीच्या तोंडाशी आला, थांबला आणि तिथूनच परत गेला. सर रडवेले झाले.

"चार महिने भाडं थकवून गेला असता," बाई बोंबील परतत म्हणाल्या. "आज फुकटात गेला."

*

एक खोली सुरुवातीचे काही महिने काही केल्या भरेना. रिकामी खोली दिसली की बाकीचेही भाडं पाडून मागतात, या धास्तीने सर रोज संध्याकाळी तिथे दिवा लावून ठेवायचे. दोरीवर स्वतःचा एक शर्टही वाळत घालायचे. महिन्याने कोपऱ्यावरच्या पानवाल्याने सांगितलं की तीन-चार जण चौकशीला आले होते. त्याने चाळीकडे बघून सगळ्यांना एकच उत्तर दिलं, फुल्ल आहे.

*

मग २०१८च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. आधी गडगड आवाज यायचा, मग बाकं हलायची. आम्ही पोरांना घेऊन मैदानात धावायचो. मी राहते डहाणूजवळ मसोलीला. शाळेत असले की घरची काळजी, घरी गेले की शाळेची. पंखा हलला तरी मी आधी दाराकडे बघायचे.

एका धक्क्यानंतर सरांनी मैदानातूनच किसनला फोन लावला. किसन गंजाड गावचा, गुजरात बॉर्डरपलीकडे कारखान्यात कामाला, सरांच्या पहिल्या खोलीतला भाडेकरू. त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणून दिवसा घरीच होता. पोरांच्या गलक्यात ऐकू येईना म्हणून सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"किसन, भिंत कशी आहे?"

 किसन म्हणाला, "भिंत बरी आहे, सर. आम्हीपण बरे आहोत."

सरांनी फोन खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

*

मी त्याच सुमारास मसोलीला एक खोली बघून ठेवली होती. शंभरात चोख बसत होती. टोकन द्यावं का, म्हणून सरांना विचारलं. त्यांनी आधी फळ्यावरचं गणित पुसलं.

"थांबा, बाई," ते म्हणाले. "सूत्रात जमीन हलत नाही असं धरलं होतं."

*

हा शेवटचा किस्सा वहिनींनीच सांगितला, हसत हसत, डोळे पुसत.

दोन भाडेकरू खोल्या सोडून गेले. उरलेल्या तीन कुटुंबांनी समोरच्या मोकळ्या जागेत ताडपत्री ताणली आणि तिथे झोपायला लागली. सर मात्र घरातच झोपायचे. मालकच बाहेर झोपला तर खोल्यांत कोण राहील, पीएफ मातीत जाईल, हा हट्ट. वहिनी रोज विनवायच्या. सर पलंगावर पडायचे, पण पायात चप्पल घालून.

मग एका संध्याकाळी मोठा धक्का बसला. कपाटातली भांडी खाली आली.  सरांनी गादीची वळकटी उचलली, वहिनींचा हात धरला आणि ताडपत्रीपाशी जाऊन उभे राहिले. आत किसनची बायको सुंदरी पोरांची अंथरुणं घालत होती. तिने एकदा सरांकडे बघितलं, एकदा वळकटीकडे.

"किती माणसं?" तिने विचारलं.

"दोघंच," सर म्हणाले.

"पाहुणे येणार काय?"

"नाही."

सुंदरीने थोडा विचार केला. मग पोरांच्या गोधड्या एका बाजूला सारल्या.

"या मग. चपला बाहेर काढा."